बर्लिनमधले बारा हजार सैनिक, किंवा महासत्तेचा धाक चालतो कसा

22 ऑक्टोबर 1961, रविवार. पश्चिम बर्लिनमधले अमेरिकेचे वरिष्ठ मुत्सद्दी ॲलन लाइटनर संध्याकाळी पत्नीला घेऊन पूर्व बर्लिनकडे निघाले. तिथल्या नाट्यगृहात एक प्रयोग होता. शहराच्या मधोमध भिंत घालायला सुरुवात होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. चेकपॉइंट चार्लीच्या नाक्यावर पूर्व जर्मन पोलिसांनी गाडी अडवली आणि पासपोर्ट मागितला. लाइटनर यांनी साफ नकार दिला. महायुद्धानंतर बर्लिन हे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार विजेत्यांच्या ताब्यात होतं, त्यामुळे अमेरिकी अधिकाऱ्याला शहरात कुठंही जायचा हक्क होता. शिवाय पूर्व जर्मनी नावाचं राष्ट्र अमेरिकेनं मान्यच केलेलं नव्हतं. पोलिसाच्या हातात पासपोर्ट ठेवला की मान्यता दिल्यासारखंच झालं असतं. लाइटनर म्हणाले, सोव्हिएत अधिकाऱ्याला बोलवा. शेवटी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे बर्लिनमधले प्रतिनिधी जनरल ल्युशियस क्ले यांनी सशस्त्र शिपाई पाठवले आणि त्यांच्या पहाऱ्यात गाडी नाक्यापलीकडे नेली.

पाच दिवसांनी त्याच नाक्यावर अमेरिकेचे आणि सोव्हिएत संघाचे प्रत्येकी दहाएक रणगाडे शंभर मीटरच्या आत एकमेकांवर तोफा रोखून उभे होते. सोळाएक तास. मग केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात गुपचूप निरोपानिरोपी झाली. आधी एक सोव्हिएत रणगाडा काही मीटर मागे सरला, मग एक अमेरिकी, पुन्हा एक सोव्हिएत, असं करत दोघांनी रस्ता मोकळा केला.

एका पासपोर्टावरून एवढा तमाशा? वरवर पाहिलं तर शुद्ध वेडेपणा वाटतो, आणि थोडा होताही. पण महासत्ता आपलं जगातलं स्थान कसं टिकवते, हे कळायला हा प्रसंग फार उपयोगी आहे.

मुळात धाक म्हणजे काय? समोरच्यानं एखादी गोष्ट करू नये म्हणून त्याला आधीच पटवून द्यायचं, की केलीस तर तुझा फायद्यापेक्षा तोटा जास्त होईल. हे पटवायचे दोन मार्ग. एक, शिक्षेचा: तू हे केलंस तर मी तुझी शहरं बेचिराख करीन. दुसरा, हाती काही लागू न देण्याचा: ये, पण माझा बंदोबस्त असा आहे की तुला ही जागा घेताच येणार नाही. पहिल्याला अण्वस्त्रं लागतात, दुसऱ्याला सैन्य, सुरुंग, क्षेपणास्त्रं आणि भरपूर पैसा. व्यवहारात दोन्हींची भेसळ असते.

यातली खरी मेख अशी, की धाकाचा कारखाना आपल्याकडे नसतोच. तो शत्रूच्या डोक्यात असतो. तुमच्याकडे किती बाँब आहेत यापेक्षा तुम्ही ते वापराल असं त्याला वाटतं का, हा प्रश्न मोठा. आणि धाक यशस्वी झाला की काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही. शत्रू घाबरून थांबला, की त्याला मुळात यायचंच नव्हतं, हे अनेकदा त्याची कागदपत्रं चाळीस-पन्नास वर्षांनी उघडी झाल्यावरच कळतं, आणि तेव्हाही इतिहासकार भांडतातच. म्हणून या विषयावर छातीठोकपणे बोलणाऱ्या माणसाबद्दल (मी धरून) थोडा संशय बाळगलेला बरा.

आता स्वतःच्या घरावर हल्ला झाला तर आपण लढू, हे कुणालाही पटतं. रशियानं न्यूयॉर्कवर बाँब टाकला तर अमेरिका मॉस्कोवर टाकेल, याबद्दल कधी कुणाला शंका नव्हती. अडचण सुरू होते ती दुसऱ्याच्या घरासाठी लढायचा शब्द दिल्यावर. आणि महासत्ता म्हणजे नेमकं हेच: असे शब्द दिलेला देश.

1949 साली अमेरिकेनं नाटो करारावर, म्हणजे पश्चिम युरोपातल्या मित्रदेशांसोबतच्या संरक्षण करारावर, सही केली. पुढे जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स यांच्याशीही संरक्षण करार झाले. हा काही दानधर्म नव्हता. या शब्दांच्या बदल्यात अमेरिकेला जे मिळालं त्यावरच तिचं आजचं स्थान उभं आहे. जर्मनीतला रामश्टाइनचा विमानतळ, ओकिनावातला कादेनाचा तळ, सातव्या आरमाराचं योकोसुका हे बंदर, हे सगळं त्यातलंच. अमेरिकेच्या संरक्षणाच्या छत्राखाली आलेल्या देशांनी स्वतःचा अणुबाँब करायचा नाही, मोठ्या प्रश्नांवर अमेरिकेच्या विरोधात फार ताणायचं नाही, व्यापार आणि पैशाचे नियम ठरवताना तिला वरचं पान द्यायचं. जर्मनी आणि जपान हे तंत्रज्ञानात पुढारलेले देश आजही अण्वस्त्रांशिवाय आहेत, यामागे त्यांची स्वतःची युद्धविरोधी भावना आहे तसाच अमेरिकेचा शब्दही आहे.

हे पतपेढीसारखं आहे. पेढी सगळ्या ठेवीदारांचे पैसे एका दिवशी परत देऊ शकत नाही, आणि द्यायची वेळही येत नाही, कारण सगळे एकदम मागायला येणार नाहीत आणि आला त्याला मिळतील, असा सगळ्यांचा विश्वास असतो. अमेरिकेलाही युरोप, आखात, कोरिया आणि तैवान इथे एकाच वेळी पूर्ण ताकदीनं लढणं कठीण आहे. सगळा कारभार विश्वासावर चालतो. त्यामुळे एखाद्या खिडकीवर कुणी जरा आवाज चढवला की व्यवस्थापकाला घाम फुटतो. लाइटनर यांच्या पासपोर्टाचं तेच झालं.

बर्लिनकडे परत पाहू. पश्चिम बर्लिन हे पूर्व जर्मनीच्या पोटात अडकलेलं बेट होतं. पश्चिम जर्मनीच्या सीमेवरच्या हेल्मश्टेटपासून तिथं जायचं तर शत्रूच्या मुलखातून पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता. शहरात वीस लाखांहून जास्त माणसं, आणि त्यांच्या रक्षणाला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स मिळून बारा हजारांच्या आसपास सैनिक. भोवती सोव्हिएत सैन्य लाखांच्या घरात. लष्करी हिशेबानं हे बारा हजार जण काही दिवससुद्धा तग धरू शकले नसते. मग ते तिथं कशाला?

धाकाचं गणित मांडणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग (2005 साली त्यांना नोबेल मिळालं) यांनी याचं थंडगार उत्तर दिलं होतं: ते मरू शकतात. शहर वाचवणं त्यांच्या आवाक्यात नव्हतंच. त्यांचं काम होतं हल्ल्याच्या वाटेत उभं राहणं. काही हजार अमेरिकी तरुण पहिल्याच दिवशी मारले गेले, तर वॉशिंग्टनमध्ये कुणीही अध्यक्ष असो, त्याला गप्प बसता येणार नाही. आणि ही गोष्ट मॉस्कोलाही ठाऊक होती. म्हणजे अमेरिकेनं स्वतःचा माघारीचा रस्ता मुद्दाम बंद करून ठेवला होता. ऑगस्ट 1961 मध्ये भिंतीचं काम सुरू झाल्यावर केनेडींनी दीड हजार जादा सैनिक त्याच महामार्गानं बर्लिनला धाडले आणि त्यांच्या स्वागताला उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना उभं केलं. दीड हजारांनी युद्धात काडीचाही फरक पडला नसता. पण ओलीस वाढले, आणि ते वाढल्याचं सगळ्यांनी पाहिलं.

याच प्रसंगाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. 25 जुलैच्या भाषणात केनेडींनी काय राखणार ते स्पष्ट सांगितलं होतं: पश्चिम बर्लिनमधलं आपलं सैन्य, तिथं जायचा रस्ता आणि तिथल्या लोकांचं स्वातंत्र्य. पूर्व बर्लिनचा त्यात उल्लेख नव्हता. ख्रुश्चेव्हला जे समजायचं ते समजलं. भिंत त्यानं आपल्या हद्दीत बांधली आणि अमेरिकेनं निषेधाचे खलिते पाठवून ती चालवून घेतली. पूर्व बर्लिनमधल्या माणसांच्या दृष्टीनं हे निष्ठुर होतं. पण धमकीला दुसरं टोक असावंच लागतं: ‘पुढे आलास तर मारीन’ यात ‘नाही आलास तर मारणार नाही’ हे आश्वासन गृहीत असतं. दुसरा अर्धा भाग खोटा वाटला, तर समोरचा म्हणतो, मार बसणारच आहे तर आपणच आधी हात उचलू.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघानं स्पुटनिक सोडला. पृथ्वीभोवती उपग्रह फिरवणारं रॉकेट अमेरिकेवर बाँबही टाकू शकतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता. तोवर अमेरिकेचा धाक एकतर्फी होता. 1954 मध्ये परराष्ट्रमंत्री डलेस यांनी जाहीर केलं होतं की आगळीक कुठंही झाली तरी प्रत्युत्तर कुठं आणि कसं द्यायचं ते आम्ही ठरवू, आणि ते प्रचंड असेल. स्वस्तातला सौदा होता तो. मोठ्या फौजा पोसण्यापेक्षा बाँबची भीती घालणं परवडायचं. आता मात्र हिशेब बदलला. हॅम्बुर्ग वाचवायला शिकागो गमवायची तयारी आहे का?

हा प्रश्न उघडपणे विचारायचं धाडस फ्रान्सच्या अध्यक्ष द गॉल यांनी केलं. 1961 मध्ये केनेडी पॅरिसला आले तेव्हा पॅरिससाठी न्यूयॉर्क पणाला लावाल का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. केनेडींनी हो म्हटलं, आणि द गॉल यांना ते पटलं नाही. फ्रान्सनं आधीच, फेब्रुवारी 1960 मध्ये, अल्जेरियाच्या सहारा वाळवंटात आपला पहिला अणुस्फोट केला होता. 1966 मध्ये तो नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेतूनही बाहेर पडला. मित्राला मदतीचा भरवसा वाटेना की तो स्वतःची सोय बघतो, आणि तेवढ्यापुरतं महासत्तेचं वजन घटतं.

बाकीच्यांना धरून ठेवायला अमेरिकेनं मग जे केलं ते पाहिलं तर डोकं चक्रावतं. युरोपात सैनिक तर होतेच, त्यांच्या जोडीला साठ-सत्तरच्या दशकांत सात हजारांच्या आसपास अण्वस्त्रं नेऊन ठेवली. बरीचशी अशी, की रशियन रणगाडे पुढे सरकले तर ती वापरायची नाही तर गमवायची. माघार घेण्याची सोय जितकी कमी तितका शब्द खरा, असा तो तर्क. ब्रिटनमधले आणि जर्मनीतले लाखो लोक पुढे याविरुद्ध रस्त्यावर उतरले त्याचं नवल वाटत नाही. ‘तुमच्या संरक्षणासाठी’ म्हणून आणलेली ही शस्त्रं फुटणार होती ती त्यांच्याच अंगणात.

आणि कागदावर काय होतं? नाटोचं प्रसिद्ध पाचवं कलम. एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं वाक्य मात्र प्रत्येक देशाला ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करायची मुभा देतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत एखाद्या देशानं नुसती औषधं आणि ब्लँकेटं पाठवली तरी कलम पाळल्यासारखं होईल. ते आजवर एकदाच लागू झालं, 2001 मध्ये न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यानंतर. गंमत अशी की छत्र धरणाऱ्यासाठीच छत्राखालचे धावले. असो. मुद्दा हा, की मजकुरानं धाक बसत नाही, जागेवर उभ्या असलेल्या माणसांनी बसतो.

जागेवर माणसं नसली की काय होतं, याचं ठळक उदाहरण कोरिया. जून 1949 पर्यंत अमेरिकेनं दक्षिण कोरियातून आपलं लढाऊ सैन्य काढून घेतलं. 12 जानेवारी 1950 रोजी परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांनी भाषणात पॅसिफिकमधली अमेरिकेची संरक्षण रेषा सांगितली: अल्युशियन बेटं, जपान, र्युक्यू बेटं, फिलिपिन्स. कोरिया आणि तैवान रेषेबाहेर. 25 जूनला उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. आणि अमेरिका लढली! ज्या जागेला महत्त्व नाही असं जगाला सांगितलं होतं तिच्यासाठी तिनं तीन वर्षांत तीस हजारांहून जास्त सैनिक गमावले. या भाषणामुळेच हल्ला झाला असं म्हणणं जरा जास्त होईल. स्टालिनकडे आणखीही कारणं होती. पण लढायचं होतंच तर ते आधी सांगायला हवं होतं, एवढं नक्की. आज दक्षिण कोरियात साडेअठ्ठावीस हजार अमेरिकी सैनिक आहेत.

ब्रिटननंही तीच चूक दुसऱ्या टोकाला केली. 1981 मध्ये खर्च वाचवायला म्हणून दक्षिण अटलांटिकमधली ‘एन्ड्युरन्स’ ही एकुलती गस्ती नौका मागे घ्यायचं ठरलं. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी त्याचा अर्थ लावला, की तिथल्या ब्रिटिश ताब्यातल्या फॉकलंड बेटांसाठी लंडन लढणार नाही. 2 एप्रिल 1982 ला त्यांनी बेटं घेतली. ब्रिटनकडे अणुबाँब होता, अर्जेंटिनाकडे नव्हता, आणि त्याचा काडीमात्र उपयोग झाला नाही, कारण अठराशे लोकांच्या बेटांसाठी कुणी ब्यूनस आयर्स जाळणार नाही हे उघड होतं. नौदल तेरा हजार किलोमीटर नेऊन बेटं परत घ्यावी लागली; नऊशेहून जास्त माणसं मेली. एका जहाजाचा खर्च वाचवायला गेले होते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मग शहाणपण सोपं आहे: कुठंही, कधीही डगमगायचं नाही. याच समजुतीनं अमेरिकेला व्हिएतनाममध्ये नेलं.

मार्च 1965 मधलं एक टिपण आहे. संरक्षण खात्यातले जॉन मॅकनॉटन यांनी मंत्री मॅकनमारा यांच्यासाठी लिहिलेलं, पुढे पेंटॅगॉनच्या फुटलेल्या कागदपत्रांत जगासमोर आलेलं. व्हिएतनाममध्ये आपण नेमके कशासाठी आहोत, याचा त्यांनी चक्क टक्केवारीत हिशेब मांडला होता. 70 टक्के: अमेरिकेचा मानहानिकारक पराभव टाळण्यासाठी, म्हणजे इतरांना दिलेल्या हमीची अब्रू राखण्यासाठी. 20 टक्के: तो प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून. 10 टक्के: तिथल्या लोकांना चांगलं, मोकळं आयुष्य मिळावं म्हणून. हिशेब प्रामाणिक आहे, म्हणूनच भयंकर आहे. ज्या दहा टक्क्यांचा जाहीर भाषणांत डंका पिटला जात होता तो शेवटी, आणि सत्तर टक्के नाकासाठी. अठ्ठावन्न हजारांहून जास्त अमेरिकी मेले. व्हिएतनामी किती मेले ते लाखांत मोजावं लागतं.

मग 1975 मध्ये सायगॉन पडलं. नाक कापलं गेलं. पुढे काय झालं? सोव्हिएत रणगाडे बर्लिनमध्ये घुसले नाहीत. नाटो मोडली नाही. जपाननं करार रद्द केला नाही. थायलंडनं मात्र अमेरिकी सैन्याला घरी जायला सांगितलं, आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष पार्क चुंग ही यांनी गुपचूप अणुबाँबचं काम हाती घेतलं होतं. पण त्यांना सर्वांत जास्त धसका होता तो निक्सन यांनी 1971 मध्ये कोरियातलीच एक डिव्हिजन काढून नेली त्याचा. दूरच्या पराभवापेक्षा आपल्या अंगणातून गेलेले वीस हजार सैनिक त्यांना जास्त बोलके वाटले. पुढे अमेरिकेनंच दबाव आणून तो कार्यक्रम थांबवला.

माझं मत इथं येऊन थांबतं: महासत्तेची म्हणून एक सर्वसाधारण इभ्रत असते, ती एका ठिकाणी गेली की सगळीकडे जाते, ही कल्पना बरीच फुगवलेली आहे. प्रतिस्पर्धी तुमची प्रगतीपुस्तकं काढून बसत नाही. तो पाहतो, की या जागेत तुमचं काय अडकलंय, माझं काय अडकलंय, आणि आज इथं कुणाची किती ताकद आहे.

आपल्याकडचा पुरावा आहेच. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशचं युद्ध रंगात आलं असताना निक्सन आणि किसिंजर यांनी सातव्या आरमाराचा एक ताफा बंगालच्या उपसागराकडे पाठवला. त्यात ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू युद्धनौका होती. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या माणसासमोर ‘सातवं आरमार’ एवढे दोन शब्द उच्चारले तरी पुरतं. ढाका वाचवणं हा हेतू फारसा नव्हताच. ते वाचणार नाही हे वॉशिंग्टनला दिसत होतं. निक्सन यांचा चीन दौरा ठरत होता, पाकिस्तान त्यातला मध्यस्थ होता, आणि अमेरिका आपल्या मित्राला वाऱ्यावर सोडत नाही हे पेकिंगला दाखवायचं होतं. म्हणजे पुन्हा सत्तर टक्क्यांचाच हिशेब. दिल्लीवर परिणाम शून्य. इंदिरा गांधींनी ऑगस्टमध्येच सोव्हिएत संघाशी करार करून ठेवला होता, सोव्हिएत जहाजं त्या ताफ्याच्या मागावर होती, आणि मुख्य म्हणजे भारतात सुमारे एक कोटी निर्वासित आले होते. ज्याच्या घरात एवढी माणसं येऊन पडलीत त्याला क्षितिजावरचं जहाज दाखवून थांबवता येत नाही. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. धाक तर बसला नाहीच, उलट भारतात अमेरिकेबद्दलची कटुता दोन-तीन दशकं पुरली.

जाता जाता भारताच्या अण्वस्त्रांबद्दल. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर भारतानं स्वीकारलेलं धोरण वेगळ्या जातीचं आहे: आधी वापरणार नाही, पण वापरली गेली तर सोडणार नाही. त्यात दुसऱ्या कुणाला दिलेला शब्द नाही, म्हणून तो पटवायला बर्लिनसारखी नाटकं करावी लागत नाहीत. तरी चाचण्यांनंतर वर्षभरातच कारगिल झालं. मोठा धाक छोटी कुरापत थांबवत नाही, फॉकलंडसारखंच.

हीच नजर अलीकडच्या घटनांना लावून पाहता येते. सीरियानं रासायनिक अस्त्रं वापरली तर ती लाल रेषा ठरेल असं ओबामा 2012 मध्ये बोलून गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये दमास्कसजवळ घौता इथं सरीन वायू सोडला गेला, आणि हल्ला करायचा की नाही यावर चर्चा होत राहिली. शेवटी रशियाच्या मध्यस्थीनं सीरियानं आपला जाहीर केलेला साठा देऊन टाकला. तेराशे टनांच्या आसपास रसायनं बाहेर निघाली, हे कमी नव्हतं. पण बोलून न करण्याचा डाग राहिला, आणि काही महिन्यांनी पुतिन यांनी युक्रेनचा क्रायमिया घेतला तेव्हा अनेकांनी बोट सीरियाकडे दाखवलं. मला ते पटत नाही. पुतिन यांच्या डोळ्यांपुढे कीव्हमधलं पडलेलं सरकार आणि सेवास्तोपोलचा नौदल तळ होता. अमेरिकेचा युक्रेनशी संरक्षण करार नव्हताच. 1994 च्या बुडापेस्टच्या कागदावर अण्वस्त्रं सोडून देण्याच्या बदल्यात युक्रेनला आश्वासनं मिळाली होती, हमी नव्हे, आणि तो फरक सही करणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवला होता. 2022 च्या आक्रमणाआधी दोन-अडीच महिने बायडेन यांनी सैन्य पाठवणार नाही असं उघड सांगितलंही. त्यानंतरचं चित्र पाहा: युक्रेनला जाणारी पाश्चात्त्य शस्त्रं पोलंडमधून जात राहिली, आणि पोलंडमधल्या तळांवर रशियानं हल्ला चढवला नाही. सीमेच्या एका बाजूला महायुद्धासारखी लढाई, दुसऱ्या बाजूला नाटोची भूमी. शब्द दिलेली जागा आणि न दिलेली जागा यांत एवढं अंतर असतं. अर्थात रशियाच्या अण्वस्त्रांनी अमेरिकेलाही तितकंच रोखून धरलं. धाक दोन्हीकडून चालत होता.

तैवान या सगळ्यात सर्वांत अवघड. 1954 मध्ये केलेला संरक्षण करार अमेरिकेनं चीनशी राजनैतिक संबंध जोडताना सोडून दिला. 1980 च्या पहिल्या दिवसापासून तो संपला. त्याऐवजी अमेरिकी संसदेनं, म्हणजे तिथल्या काँग्रेसनं, एक कायदा केला. त्यात तैवानला बचावाची शस्त्रं देऊ, बळजबरी झाली तर ती गंभीर बाब मानू, इतकं आहे. लढू असं नाही, लढणार नाही असंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. यात दोन्हीकडे लगाम आहे: चीननं हल्ला करायला धजावू नये, आणि अमेरिका पाठीशी आहेच म्हणून तैवाननंही एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करू नये. 1996 मध्ये चीननं तैवानच्या बंदरांजवळ क्षेपणास्त्रं डागली तेव्हा क्लिंटन यांनी ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘निमित्झ’ या दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या भागात आणले. चीन त्या वेळी हात चोळत बसला. पण तो धडा विसरला नाही. पुढच्या वीस वर्षांत त्यानं नेमकी अशीच जहाजं बुडवू शकतील अशी जमिनीवरून मारा करणारी क्षेपणास्त्रं बनवली. 1996 चा प्रयोग आज तसाच लावता येणार नाही.

म्हणून आता अमेरिकी तज्ज्ञ तैवानला सांगतात, महागडी विमानं आणि रणगाडे कमी घ्या. किनाऱ्यावरची फिरती क्षेपणास्त्रं, सुरुंग, ड्रोन जास्त घ्या, साळिंदर व्हा. म्हणजे शिक्षेच्या धाकाकडून हाती काही लागू न देण्याच्या धाकाकडे. यातला न बोललेला भाग तैपेईत सगळ्यांना कळतो: तुमचा बंदोबस्त जितका पक्का, तितका आमच्या शब्दावरचा भार हलका.

मित्रदेशही आपापला हिशेब मांडत आहेत. फ्रान्सच्या अध्यक्षांनी आपलं अण्वस्त्रांचं छत्र उरलेल्या युरोपवर धरता येईल का याची चर्चा 2025 मध्ये उघडपणे सुरू केली. दक्षिण कोरियात जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक स्वतःचा बाँब हवा म्हणतात. तिथल्या लोकांना धीर द्यायला जुलै 2023 मध्ये अमेरिकेनं ‘केंटकी’ ही अण्वस्त्रवाहू पाणबुडी बुसान बंदरात आणली. अशी पाणबुडी कोरियात चाळीसेक वर्षांत आली नव्हती. अध्यक्ष युन सुक-योल ती बघायला स्वतः वर चढले. या पाणबुड्यांचं सगळं बळ त्या कुठं आहेत हे कुणाला माहीत नसण्यात असतं. इथं मात्र ती धक्क्याला लावून, कॅमेऱ्यांसमोर उभी करावी लागली, आणि हा देखावा उत्तर कोरियासाठी जेवढा होता तेवढाच सोलमधल्या मतदारांसाठीही होता.